वडापावच्या यादीत घाण्याची आणि चटणीचीही नोंद हवी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळ्याच्या निमित्ताने वडापावच्या ठिकाणांची जी यादी प्रसिद्ध झाली, ती मी आवडीने वाचायला घेतली आणि वाचून झाल्यावर अस्वस्थ झाले. वड्यावर चीज किती ओतले जाते, मेयोनीज कोणत्या चवीचे असते, शेजवान सॉस आत लावतात की वरून, पाव बटरमध्ये कसा घोळवून भाजतात, हे सारे त्यात ठिकाणागणिक तपशिलाने लिहिले होते. वडा गरम होता का, तो ज्या तेलात तळला ते तेल कसे होते आणि पावाला लसणाची सुकी चटणी लावली होती का, याविषयी मात्र एकाही ठिकाणाबाबत एक ओळ नव्हती. ज्या गोष्टींवर वडापाव जोखायचा, नेमक्या त्याच राहून गेल्या, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र थोडे लांबले आहे, पण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

मी मूळची लालबागची. माझे वडील गिरणीत साचे खात्यात होते आणि आमच्या चाळीतल्या बहुतेक घरांचे घड्याळ गिरणीच्या भोंग्यावर चाले. दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आमच्या घरी मात्र वडापाव कोणी शोधला, याची चर्चा कधी झाल्याचे मला आठवत नाही. पाळी सुटल्यावर जेवणाला अजून दोन तास अवकाश असेल, तर हातात धरून चालता चालता खाता यावा, पोटाला आधार व्हावा आणि पगारात बसावा, असा तो पदार्थ होता. ज्यांचे कुटुंब गावी असे, ते कामगार खाणावळीत जेवत. अशा खाणावळी चालवणाऱ्या बायकांना १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने एकत्र आणले, त्याबद्दल बरेच लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. नाक्यावरच्या वड्याच्या कढईकडे तितक्या आस्थेने फारसे कोणी पाहिले नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी पुन्हा कधीच खात्यात गेले नाहीत. आमच्या मजल्यावर राहणाऱ्या एका काकांनी पहिल्या वर्षी घरातली तांब्या-पितळेची भांडी मोडली आणि दुसऱ्या वर्षी परळच्या एका नाक्यावर वडापावची गाडी टाकली. गिरणगावात त्या काळात अशा अनेक गाड्या उभ्या राहिल्या. वीस वर्षे सुताचा धागा हाताळलेल्या त्या माणसाला स्वयंपाकाचा गंध नव्हता; माझ्या आईने आणि शेजारच्या बायकांनी त्यांना सगळे शिकवले, आणि मग त्यांनी ते अशा शिस्तीने केले, की आजही कुठलाही वडा खाताना मी नकळत त्यांच्या वड्याशी ताडून पाहते.

बटाटे सालासकट उकडून, पूर्ण निवल्यावर सोलून ते हाताने कुस्करत. त्यांचा लगदा होऊ देत नसत, कारण घास घेतल्यावर दाताखाली बटाट्याची एखादी फोड आलीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. आले, लसूण आणि हिरवी मिरची पाट्यावर जाडसर वाटली जाई. मोहरी, हिंग, हळद आणि कढीपत्त्याची फोडणी, वरून लिंबू आणि देठांसकट चिरलेली कोथिंबीर, एवढीच त्या भाजीची सामग्री होती. बेसनाचे पीठ फार सैल नाही आणि फार घट्ट नाही, असे भिजवून त्यात चमचाभर कडकडीत तेलाचे मोहन घातले जाई. आवरण पातळ हवे. जाड आवरणाचा वडा आतून पिठूळ लागतो, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात गिऱ्हाइकांकडून ऐकले आणि लक्षात ठेवले. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे ते एका वेळी आठ-दहा वड्यांचाच घाणा काढीत. परातीत दोन वडे उरले, की पुढचा घाणा कढईत जाई. गर्दी असली तरी लोक थांबत, कारण थांबलेल्याला हाताला चटका देणारा वडा मिळणार, याची खात्री असे.

आणि चटणी. वडे सोडताना पिठाचे जे थेंब तेलात पडतात, ते तळून कुरकुरीत झाले की झाऱ्याने काढून ठेवायचे, हाच चुरा. तो चुरा, भरपूर लसूण, भाजलेले सुके खोबरे, लाल तिखट आणि मीठ एकत्र कुटले, की ती भगव्या-लाल रंगाची चटणी तयार होते, आणि ती खास वडापावची असते. पाव गोडसर आणि मऊ, वडा मऊ आणि तिखट. त्या दोहोंमध्ये खरखरीत, खमंग असे काहीतरी लागते, ते काम ही चटणी करते. ती सुकी असल्यामुळे पाव ओला होत नाही आणि वड्यातले जादा तेल ती थोडेफार शोषून घेते. हिरवी चटणी किंवा चिंचेची चटणी ज्याला हवी त्याने जरूर घ्यावी, पण सुकी चटणी नसेल तर तो पावात ठेवलेला बटाटावडा राहतो, त्याचा वडापाव होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आता अलीकडचा अनुभव. जुलैमध्ये मी माझ्या आठ वर्षांच्या नातवाला घेऊन महामार्गालगतच्या एका चकचकीत दुकानात गेले होते. दुकानाचे नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका दुकानाचा नाही. नातवाने फलकावरचे चित्र पाहून चीज-मेयो वडापाव मागितला, त्याचे ९० रुपये झाले. मी साधा मागितला, तो ३५ रुपयांना होता, आणि तो घेताना काउंटरवरच्या मुलाने दोनदा विचारले, "साधाच हवा का?" नातवाच्या वडापावमधले चीज वितळलेले होते, पाव तव्यावर परतलेला होता, बाहेरून सारे गरम होते आणि वडा मधोमध गार होता. माझ्या वड्याची तीच गत होती, फक्त त्याच्यावर झाकायला काही नसल्यामुळे ते पहिल्या घासात कळले. मी सुकी चटणी मागितली तेव्हा तो मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "ती आमच्याकडे नसते आजी, शेजवान देऊ का?" त्या मुलाचा यात काडीचाही दोष नाही. सकाळी तळून ठेवलेले वडे दिवसभर गरम करून द्यायचे, अशी तिथली पद्धतच असावी. परतीच्या वाटेवर स्टेशनबाहेरच्या गाडीवर आम्ही २० रुपयांचा वडापाव घेतला. घाणा नुकताच निघाला होता आणि नातवाला तो फुंकून फुंकून खावा लागला. पहिला अर्धा टाकणाऱ्या मुलाने दुसरा पूर्ण खाल्ला.

चीज आणि मेयोनीजला माझी हरकत ती परकी आहेत म्हणून नाही. बटाटा, मिरची आणि पाव या तिन्ही गोष्टी पोर्तुगिजांच्या मार्गाने आपल्याकडे आल्या, 'बटाटा' आणि 'पाव' हे शब्दही त्यांचेच, आणि गोव्यात तर पोदेर आजही सायकलवरून भोंगा वाजवत पाव घरोघरी पोचवतो. परके म्हणून नाकारायचे ठरवले तर पानात काय उरेल, हा प्रश्नच आहे. माझी हरकत अशी आहे, की हे दोन्ही पदार्थ वड्याचा शिळेपणा झाकतात. स्निग्ध, खारट, गुळगुळीत थर वर आला की आतला बटाटा निवलेला आहे, बेसन चिवट झाले आहे, तेलाला वास येतो आहे, हे जिभेला चटकन समजत नाही. साध्या वडापावला असे पांघरूण नसते, म्हणून तो देणाऱ्याला दर घाण्याला काळजी घ्यावी लागते. शिवाय अनेक ठिकाणी जे चीज म्हणून वाढले जाते, ते दुधाऐवजी वनस्पती तेलापासून बनवलेले चीजसारखे उत्पादन असते. पाकिटावर ते छापलेले असते, पण गिऱ्हाइकाला पाकीट दिसत नाही. म्हणजे ५५ रुपये जादा कशाचे घेतले, हेही त्याला कळत नाही.

१९९६ मध्ये मॅकडोनल्ड्स भारतात आले, तेव्हा आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीत आता वडापाव संपणार, अशी चर्चा रंगली होती. झाले असे, की त्या परदेशी कंपनीलाच इथे बनपावात बटाट्याची टिक्की घालून विकावी लागली. तिने आपल्या लोकांची चव ओळखली. आपण मात्र आपल्या वड्यात मेयोनीज घालून त्याला बर्गरसारखे करण्याच्या मागे लागलो आहोत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

बदल कसा करावा, याची उदाहरणे आपल्याच प्रदेशात भरपूर आहेत, आणि आपल्या पुरवणीने त्यांचा शोध घेतला असता तर लेख किती भरला असता! दादरला कीर्ती कॉलेजजवळच्या गाडीवर वड्याबरोबर कुरकुरीत चुरा मिळतो आणि तेवढ्यासाठी लोक वाट वाकडी करून जातात. ठाण्यात गजानन वडापावकडे बेसनाची पिवळी, पातळ चटणी असते. सुक्या चटणीचा माझा आग्रह बाजूला ठेवून मी ती खाल्ली आहे आणि मला ती आवडली आहे. नाशिकला उलटा वडापाव मिळतो, त्यात भाजी पावात भरून सगळा पावच बेसनात बुडवून तळतात. कोल्हापुरात कटवडा आहे, मिसळीच्या कटात बुडालेला वडा चमच्याने खायचा. नागपूरकडे त्याला आलूबोंडा म्हणतात आणि वरून झणझणीत तर्री घालून देतात. या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी वड्यात काहीतरी बदलले, पण चव तिथल्या मसाल्याची, तिथल्या तिखटाची ठेवली आणि वडा कढईतून निघालेलाच दिला. याउलट चीज-मेयो वडापाव डोंबिवलीत, सोलापुरात आणि नांदेडमध्ये अगदी एकाच चवीचा लागतो, कारण ती चव बाटलीतून येते.

कर्जतच्या वड्याचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना बोरघाटाची चढण असते, ३७ फुटांमागे एक फूट इतकी. त्यासाठी कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात आणि तेवढी काही मिनिटे गाडी थांबते. दिवाडकरांचा बटाटावडा त्या थांब्याने नावारूपाला आला. खिडकीतून हात बाहेर, हातात सुटे पैसे, आणि गाडी हलायच्या आत कागदात गुंडाळलेला वडा आत. माझ्या माहेरच्या लग्नाकार्याच्या प्रत्येक प्रवासात हे घडलेले आहे. गाड्यांच्या वेळा ठरलेल्या आणि थांबा मोजका, त्यामुळे वडा वेळेवर तळून तयार ठेवावा लागे, आणि तो विकलाही लगेच जाई. घाण्याचे गणित गाड्यांच्या वेळापत्रकाशी जुळलेले होते.

आता तेलाविषयी, कारण हा भाग केवळ चवीचा नाही. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात घातक संयुगे वाढत जातात. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने तळणीच्या तेलात अशा ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरवून दिली आहे. त्यापुढचे तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. वापरलेले तेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल करण्याची योजनाही प्राधिकरणाने २०१८ मध्ये आणली. मात्र तेलाच्या वापराची नोंद ठेवण्याचे बंधन दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल लागणाऱ्या व्यावसायिकांवर आहे. नाक्यावरच्या गाडीला एवढे तेल लागत नाही, म्हणून तिची नोंद कुठेच होत नाही, आणि मोठ्या ठिकाणी वापरून झालेले तेल स्वस्तात घेऊन ते पुन्हा कढईत घालण्याचा मोह अशाच ठिकाणी होऊ शकतो. गाडीवाल्यांवर कारवाईचा बडगा उगारा, असे मी म्हणत नाही. त्यांच्यातल्या कित्येकांचे घर त्या एका कढईवर चालते. महापालिकेने आणि अन्न व औषध प्रशासनाने वॉर्डावॉर्डांत वापरलेले तेल रास्त दराने विकत घ्यायची सोय केली, तर ते तेल कढईत परत घालण्याचे कारण उरणार नाही. आमचे काका सकाळी कढईत थोडेच तेल घेत आणि दिवसभर त्यात भर घालत जात, म्हणजे रात्री तळाशी उरलेले तेल टाकून देताना जीव हळहळत नसे. गिऱ्हाइकालाही काही खुणा सहज पाहता येतात. तेल काळपट आणि दाट झाले असेल, वडा सोडल्यावर वर फेस येऊन तो जिरत नसेल, किंवा आच मंद असतानाही धूर निघत असेल, तर त्या गाडीवर थांबू नये.

बटाट्याची एक गोष्ट वाचकांना उपयोगी पडेल. शीतगृहात फार थंड ठेवलेल्या बटाट्यातल्या पिठाची साखर होऊ लागते. असा बटाटा उकडल्यावर गोड लागतो आणि मग कितीही मिरची घातली तरी भाजीची चव जमत नाही. काकांना हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण पोते घेण्याआधी ते त्यातला एक बटाटा घरी आणून उकडून पाहत आणि गोड लागला तर पोते परत करीत. एवढी चोखंदळ वृत्ती आज किती जणांना परवडेल, हे सांगता येत नाही, पण ज्या गाडीवर ती आहे तिथला वडा आपोआप बोलतो.

पावाबद्दल थोडक्यात लिहिते. लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. मुंबईची हवा पाहता तो आदेश योग्य आहे. लाकडाच्या भट्टीतल्या पावाची खरपूस कड आता सगळीकडे मिळणार नाही, याची हुरहुर मला आहे, पण शेजारच्या इमारतीतल्या मुलांच्या छातीत धूर जाण्यापेक्षा ती हुरहुर बरी. लहान बेकऱ्यांना नवी भट्टी बसवण्यासाठी सवलतीचे कर्ज मिळाले पाहिजे, नाहीतर रोजचा ताजा लादी पाव जाऊन त्या जागी चार दिवस टिकणारा, प्लास्टिकच्या पिशवीतला बनपाव येईल.

आपल्याकडे माझ्या तीन विनंत्या आहेत. पुढच्या वेळी अशी यादी कराल तेव्हा प्रत्येक ठिकाणी लेखकाने दोनदा जावे, एकदा गर्दीच्या वेळी आणि एकदा दुपारी तीनच्या सुमारास, आणि दोन्ही वेळा वडा कढईतून निघून किती वेळ झाला होता, ते लिहावे. दुसरे, चटणी सुकी की ओली, ती तिथेच कुटलेली की विकतची, याची नोंद असावी, आणि साध्या वडापावची किंमत सर्वांत आधी द्यावी, कारण बहुसंख्य लोक तोच खातात.

तिसरी विनंती थेट आपल्या वृत्तपत्राशी संबंधित आहे. छापील वृत्तपत्रात खाद्यपदार्थ बांधून देण्यास २०१८ च्या नियमांनी मनाई आहे, कारण शाईतली रसायने गरम, तेलकट पदार्थात उतरतात. तरीही गेल्याच आठवड्यात आमच्या स्टेशनबाहेर मला वडा मिळाला तो वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्यात, आणि उलगडून पाहिले तर त्यावर आपल्याच अग्रलेखाचा अर्धा स्तंभ तेलाने पारदर्शक झालेला होता. रद्दी कुठे जाते, यावर आपले नियंत्रण नाही, हे मी जाणते. पण पहिल्या पानाच्या तळाशी, रोज, ठळक अक्षरांत 'या कागदात खाद्यपदार्थ बांधू नयेत' एवढी एक ओळ आपण छापू शकता. गाडीवाला कागद फाडताना ती वाचेल, निदान गिऱ्हाईक तरी वाचेल, आणि साधा पांढरा कागद मागेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
डोंबिवली (पूर्व)